कडक स्प्रिंगा

"त्याच्या हातातून हल्ली वस्तू पडतात. तू जरा बघत जा," सासूबाई निघताना दारात चपला घालता घालता म्हणाल्या होत्या.

मी "हो" म्हटलं आणि दार लावून घेतलं. त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या तेवढ्या दिवसांत त्यांच्या लेकाने काचेचे दोन पेले आणि एक बरणी फोडली होती, तीही भांडी घासताना. आता सासू सुनेला "तू जरा बघत जा" म्हणाली की त्याचा अर्थ काय होतो, हे कुठल्याही सुनेला शिकवावं लागत नाही. माझ्या मुलाला भांडी घासायला लावू नकोस, एवढाच. मी मनात म्हटलं, तुमच्या मुलाला दोन हात आहेत, घासेल. पुढच्या आठवड्यात पेले स्टीलचे आणले आणि माझ्यापुरता विषय संपला.

खरं तर बघत राहणं हा माझा धंदाच. ठकी झाल्यापासून तर विचारू नका. तिचं खरं नाव लांबलचक आहे, पण घरात ती ठकी. तिच्या अंघोळीचं पाणी मी कोपराने बघते, मग मनगटाने, मग पुन्हा कोपराने. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, प्लगच्या भोकांना चिकटपट्टी. ती गाढ झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरते, आणि त्याने ती उठते. नवरा मला सीसीटीव्ही म्हणायचा. बरोबरच होतं. फक्त सगळे कॅमेरे एकाच दिशेला लावलेले होते.

नवरा रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये होता. दवाखान्या-दवाखान्यांतून नमुन्यांच्या नळ्या गोळा करायच्या, बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि वेळेत लॅबला पोचवायच्या, हे त्याचं काम. म्हणजे दिवसभर मोटरसायकल. गाडी जुनी, पण त्याच्या हातची. आणि ती गाडी त्या वर्षी कुरकुरायला लागली. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, वेग काही वाढायचा नाही. गिअर टाकताना आतून असा आवाज यायचा की माझे दात शिवशिवायचे.

"क्लच गेलाय," तो म्हणायचा. "आणि लिव्हर तर दगड झालाय दगड. संध्याकाळपर्यंत डाव्या हाताला रग लागते."

एरवी मी म्हटलं असतं, बघू पुढच्या महिन्यात. पण माझी रजा संपत आली होती. सोमवारपासून मी कामावर रुजू होणार होते आणि ठकीला पाळणाघरात सोडायचं काम त्याच्याकडे होतं. छातीशी कापडी झोळी, झोळीत ठकी, खाली ही कुरकुरणारी गाडी. मी हट्टच धरला. माझी मुलगी बसणार असेल तर गाडी ठणठणीत पाहिजे. सोमवारच्या आत पाहिजे.

गाडी कामाच्या दिवशी गॅरेजला सोडायची सोय नव्हती. पण माझा धाकटा भाऊ सुट्या भागांच्या दुकानात काउंटरला असतो आणि हात काळे करायची त्याला भारी हौस. तो म्हणाला, "रविवारी घरीच बदलू. उगाच त्या गॅरेजवाल्याची पोरं तुमच्या खर्चाने शिकायला नकोत." नव्या क्लचप्लेटा त्याने शनिवारीच आणून दिल्या आणि बजावलं की बसवायच्या आधी त्या इंजिन ऑईलमध्ये बुडवून ठेवायच्या, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दिवशी करपतात. मी त्या एका जुन्या पातेल्यात बुडवल्या आणि पातेलं माळ्यावर ठेवलं. ठकी अजून चालत नव्हती, पण म्हणून काय झालं.

रविवारी तो आला तेव्हा नवऱ्याने जिन्याखालच्या मोकळ्या जागेत जुनी चादर अंथरून गाडी उभी केली होती. आमचं दार त्या जागेतच उघडतं. समोर दहा पावलांवर फाटक, आणि फाटकाला लागूनच रस्ता. तो रस्ता गोदामांकडे जातो, त्यामुळे रविवार असो की सोमवार, ट्रकची ये-जा असते.

"या मेहुणेराव," नवरा म्हणाला. "सूर्य डोक्यावर आला."

"दाजी, मी फुकटात आलोय. फुकटच्या माणसाला वेळ विचारत नाहीत, चहा विचारतात."

"आधी काम."

"बघ गं ताई. नमुने पोचवून पोचवून हा माणूस स्वतःच नमुना झालाय."

मी हसले. दारात एक स्टूल आडवं टाकून त्याच्यामागे ठकीला बसवलं होतं. ती स्टुलाच्या पायाला धरून आम्हाला ओरडून सूचना देत होती. माझ्या मांडीवर बर्फाचा रिकामा ट्रे. बोल्ट निघेल तसा मी एकेका खणात ठेवायची, म्हणजे कुठला कुठे हा घोळ नको आणि एकही जमिनीवर राहायला नको. नटबोल्ट बघितला की ठकीचं तोंड आपोआप उघडतं.

गाडी स्टँडवर डावीकडे कललेली होती. उजव्या बाजूचं झाकण नवऱ्याने सोडवायला घेतलं. पाना उजव्या हातात, निघालेला बोल्ट डाव्या हाताने माझ्याकडे. पहिला आला. दुसरा त्याच्या बोटांतून सुटला, टणकन फरशीवर पडला आणि घरंगळत ठकीच्या दिशेने गेला. मी झडप घातली.

"अरे, लक्ष कुठाय?"

"तेलकट झालाय गं."

तेलकट झालाच होता. पुढचे बोल्ट त्याने पाना खाली ठेवून उजव्या हाताने दिले. प्रत्येक वेळी पाना ठेवायचा, बोल्ट द्यायचा, पुन्हा पाना उचलायचा. माझा भाऊ जांभई देत म्हणाला, "दाजी, या वेगाने ठकीच्या लग्नापर्यंत झाकण निघेल. सरका."

भावाने झाकण काढलं, आतले छोटे बोल्ट सोडवले, स्प्रिंगा काढल्या आणि जुन्या प्लेटा एकेक करून बाहेर ओढल्या. मग एक प्लेट उजेडात धरून त्याने शिट्टी वाजवली.

"हे काय करून ठेवलंय?"

प्लेट निळसर काळी पडली होती. तव्याचा तळ पडतो तशी. वासही करपलेला. त्याने पातेल्यातली नवी प्लेट शेजारी धरली. जुनी तिच्यापुढे झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी दिसत होती.

"क्लच अर्धवट दाबून गाडी चालवता का हो?"

"नऊ वर्षं चालवतोय मी," नवरा म्हणाला.

"मग ही कोणी भाजली? ताईने?"

"मला मध्ये ओढू नकोस," मी म्हटलं. "मला सायकलसुद्धा धड येत नाही."

"शिकाऊ माणसाच्या गाडीची होते ना, तश्शी झालीये. ना धड दाबलेला, ना धड सोडलेला. असा अर्धा लोंबकळत ठेवला की प्लेटा एकमेकींवर घासत राहतात. दाजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. लायसन्स दाखवा बघू."

माझा नवरा टोमणा फुकट जाऊ देणारा माणूस नाही. एकाला दोन परत करतो. त्या वेळी मात्र नुसता फडक्याने बोटं पुसत राहिला, पुसून झाल्यावरही. मला वाटलं, लागलं त्याला. पुरुषाला गाडी चालवता येत नाही म्हणणं म्हणजे काय.

मग भावाने खिशातून एक पुडी काढली. "आणि हे माझ्याकडून. भाचीसाठी." पुडीत नव्या स्प्रिंगा होत्या, चकचकीत, जाड तारेच्या. "कडक स्प्रिंगा. शर्यतवाले घालतात. प्लेटा अशा घट्ट दाबून धरतील की क्लच घसरण्याची बात नाही."

नवऱ्याने एक स्प्रिंग उचलली. "कडक म्हणजे लिव्हर जड होणार?"

"थोडासा. केबल पण नवी घालतोय, जाणवणार नाही."

त्याने ती डाव्या हाताच्या चिमटीत दाबून बघितली. मग उजव्या हातात घेऊन दाबली. मग खाली ठेवली. "जुन्याच घातल्या तर?"

"जुन्या दमल्यात. बघा, उंचीच कमी झालीये."

"तरी."

"तरी काय तरी?" मी म्हटलं. "कडकच घाल रे. उद्यापासून ठकी बसणार आहे."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. काहीतरी ओठांपर्यंत आलं होतं. मी वाट बघितली असती तर कदाचित बाहेरही आलं असतं. पण ठकीने स्टुलावरून माझा रुमाल ओढला, मी तिकडे वळले, आणि मागून त्याचा आवाज आला, "घाल."

प्लेटा बसल्या. एक जाड, एक पातळ, एक जाड, एक पातळ. स्प्रिंगा बसल्या. भाऊ समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेला, एकदम एक आवळला तर प्लेट वाकडी बसते म्हणून. झाकण लागलं. तेल भरलं. आता केबलच राहिली होती. हँडलजवळ एक बारीकशी चाकी असते, ती फिरवून केबलचा ताण जमवायचा असतो. ते काम नवऱ्याचं. तो थोडा वेळ तिच्याशी खटपट करत राहिला आणि मग मला म्हणाला,

"तू फिरव ना. तुझी बोटं बारीक आहेत."

मी पुढे झाले, चाकी फिरवली, आणि फिरवता फिरवता थांबले.

हे वाक्य माझ्या रोजच्या ऐकण्यातलं होतं. ठकीच्या झबल्याची बटणं लावायची असली की, तू लाव ना, तुझी बोटं बारीक आहेत. औषधाच्या बाटलीचं बूच, तू उघड ना. त्याच्या स्वतःच्या शर्टाची बटणं? शर्ट कुठे घालतो हा हल्ली? कपाटात इस्त्री केलेले शर्ट तसेच पडून होते. उन्हाळा नाही, काही नाही, रोज डोक्यावरून घालायचे टीशर्ट. मी मागे एकदा विचारलंही होतं, तर म्हणाला, बरं वाटतं. ठकीला तो कायम उजव्या कडेवर घेतो. मी म्हणायची, सारखी एकाच बाजूला घेतोस, पाठ दुखेल. आणि पेले. आणि बरणी. आणि आत्ताचा तो बोल्ट.

प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक कारण तयार होतं. तेलकट आहे, आळशी आहे, पुरुषांना कुठे बटणं लावता येतात. शेजारी शेजारी ठेवून मी त्या कधी बघितल्याच नव्हत्या.

"ताई, झोपलीस का? दोन फेरे अजून दे," भाऊ म्हणाला.

मी दोन फेरे दिले. मी काही बोलणार होते. पण बोलणार तरी काय? नवरा टीशर्ट घालतो, म्हणून गाडी चालू करू नका?

भावाने गाडी चालू केली. इंजिन मजेत गुरगुरलं. त्याने बोटांनी लिव्हर दाबून, सोडून, पुन्हा दाबून दाखवला. "लोणी!" गिअर टाकला, काढला. आवाज नाही. "बसा दाजी. उद्घाटन करा."

नवरा बसला. गाडीचं तोंड उघड्या फाटकाकडे होतं.

"आणि प्रमुख पाहुण्या," म्हणत भावाने स्टुलामागून ठकीला उचललं आणि मी "नको" म्हणेपर्यंत तिला टाकीवर नेऊन बसवलंसुद्धा.

"अरे, नको. आत्ता नको."

"फाटकापर्यंत गं. दहा पावलं. मी धरतो ना."

"सीसीटीव्ही," नवरा म्हणाला, पण हसला नाही. "फाटकापर्यंतच."

ठकी दोन्ही हात आपटत टाकी वाजवत होती. तिला बापाच्या दोन्ही दंडांचा कठडा होता. भाऊ पलीकडून तिच्या पाठीला हात लावून, मी डाव्या बाजूने हँडलला लागून. नवऱ्याने लिव्हर दाबला.

तो हाताने दाबला नाही, हे मला इतक्या जवळून दिसलं. आधी खांदा वर आला. मग कोपर बाहेर गेलं. मग सगळं अंग डावीकडे कललं आणि त्या वजनाने लिव्हर आत गेला. पायाने गिअर टाकला. खट्.

तेवढ्यात फाटकाच्या तोंडाशी एक ट्रक आला आणि वळण घ्यायला मागे-पुढे करू लागला. पुढे जायला जागा नव्हती. म्हणजे तो वळून जाईपर्यंत लिव्हर दाबून धरायचा.

"थांबा, जाऊ द्या त्याला," भाऊ म्हणाला. तो ट्रककडे बघत होता. ठकी ट्रककडे बघत होती. मी लिव्हरकडे.

करंगळी आधीच निसटून बाहेर आली होती. तिच्या शेजारचं बोट लिव्हरवर होतं पण नुसतं टेकलेलं, त्याच्यात जीव नव्हता. उरलेली दोन बोटं थरथरत होती. सांध्यांवर कातडी पांढरी पडली होती, आणि लिव्हर केसाकेसाने बाहेर येत होता. गाडी पुढे ओढ घ्यायला लागली. समोर ट्रकचं मागचं चाक, माझ्या छातीएवढं. ते मागे यायला लागलं होतं.

मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. तो ट्रककडे बघत नव्हता. ठकीकडे बघत नव्हता. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. दुसऱ्या कुणाचा हात हँडलवर येऊन बसलाय आणि तो काय करतोय ते कळत नाही, असं बघत होता.

ठकीला ओढून घ्यावं हे पहिलं मनात आलं. पण ओढली असती तर तो दचकला असता, हात सुटला असता आणि गाडी आम्हा दोघींना घेऊन पुढे गेली असती. ओरडले असते तरी तेच. किल्ली हँडलच्या मधोमध, ठकीच्या हातांपुढे होती. मी तिच्या हातांवरून हात घातला आणि किल्ली फिरवली.

इंजिन गप्प झालं. त्याच क्षणी लिव्हर त्याच्या बोटांतून फट्कन सुटला. गाडीने एक आचका दिला आणि जागीच अडली. ठकीचं कपाळ माझ्या मनगटावर आपटलं. ती एक क्षण विचारात पडली आणि मग तिने भोकाड पसरलं.

"काय केलंस ताई! चालू गाडी बंद करतात का?"

मी ठकीला छातीशी घेतलं. ट्रक वळला आणि निघून गेला.

"उतर," मी नवऱ्याला म्हटलं.

"अगं, तो जरा कडक..."

"उतर आधी."

तो उतरला. मी ठकीला भावाकडे दिलं आणि माझी दोन-दोन बोटं त्याच्या दोन्ही तळहातांत ठेवली. "दाब."

"काय पोरकटपणा लावलायस."

"दाब म्हणते ना. जेवढा जोर आहे तेवढा."

त्याने दाबलं. उजव्या हाताने माझी बोटं अशी चिरडली की मी कळवळले. डाव्या हातात माझी बोटं नुसती ठेवलेली होती. मला वाटलं, तो अजून दाबत नाहीये. मग त्याच्या मनगटावरच्या शिरा बघितल्या. तो दाबत होता.

ठकी झोपेतसुद्धा माझं बोट याहून घट्ट धरते.

"कधीपासून?" मी विचारलं.

तो खाली चादरीवर बसला. "दुखत नाही गं. दुखलं असतं तर सांगितलं नसतं का? मुंग्या येतात कधीतरी. लिव्हर जड झाला असं वाटलं. गाडी जुनी झाली की होतो ना जड. म्हटलं क्लच बदलला की..." त्याने स्वतःच्या हाताची मूठ मिटून बघितली, उघडून बघितली. "पूर्ण दाबलाच जात नव्हता माझ्याच्याने. जेवढा जाईल तेवढ्यावर भागवत होतो."

म्हणून प्लेटा भाजल्या होत्या. नऊ वर्षं चालवणाऱ्या माणसाची गाडी शिकाऊ माणसासारखी झाली होती, ती म्हणून. माझ्या भावाचा चेहरा पडला. ठकी त्याच्या खिशातलं पेन काढत होती, ते त्याने काढू दिलं.

"दाजी, मी चेष्टेत म्हणालो ते..."

"तू बरोबरच म्हणालास रे." मग नवरा एकदम उठला. "ऐक. जुन्या स्प्रिंगा आहेत ना? त्याच परत घाल. तासाभराचं काम. प्लेटा नव्या आहेतच, चालून जाईल. उद्या नवा रूट आहे, लॅबला हो म्हणून बसलोय. पुढच्या रविवारी दवाखान्यात जाऊ. शपथ."

भावाने माझ्याकडे बघितलं. जुन्या स्प्रिंगा बर्फाच्या ट्रेमध्ये माझ्याजवळ होत्या. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, घालूया. लिव्हर हलका होईल, सोमवार पार पडेल, मी कामावर जाईन, सगळं होतं तसं होईल. चालवून घेण्याची मला एवढी सवय आहे की ती मी शहाणपणाच्या खात्यावर जमा करते.

"आणि ठकी?" मी म्हटलं. "झोळीत कोण बसणार उद्या? तू लिव्हर सोडशील तेव्हा मी किल्ली फिरवायला असेन का तिथे?"

मी स्प्रिंगा ट्रेसकट घरात नेल्या, किल्ली काढून घेतली आणि सासूबाईंना फोन लावला.

"आई, तुम्ही त्या दिवशी जाताना म्हणालात ना, याच्या हातातून वस्तू पडतात. तुम्ही नक्की काय बघितलं होतं?"

त्या म्हणाल्या, "पेला फुटला की माणूस कुठे बघतो? पेल्याकडे. पायात काच जाईल म्हणून खाली बघतो. हा खाली बघत नव्हता गं. हाताकडे बघत होता."

"मग तेव्हाच असं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. तू दार लावून घेतलंस." आणि मग, जरा मऊ आवाजात, "मी आणखी काही बोलले असते तर तुला वाटलं असतं, सासू लेकाची बाजू घेतेय. मीही एकेकाळी सून होते. काय झालंय ते सांग आधी."

मी गाडीचं सांगितलं. स्प्रिंगांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. उद्या सकाळी त्याला दाखवा. ठकीला मी बघते. निघालेच."

सोमवारी मी कामावर गेले नाही आणि तो नव्या रूटवर गेला नाही. डॉक्टरांनी त्याला मुठी भराभर मिटायला-उघडायला लावल्या, एका रेषेत चालायला लावलं, शर्टाची बटणं लावायला सांगितली. त्या दिवशी मी त्याला मुद्दाम शर्ट घालायला लावला होता. एक बटण लावताना त्याचं कपाळ घामेजलं. मग मशिनमधले फोटो झाले. हाताला काहीच झालं नव्हतं. मानेच्या मणक्यांमधली गादी सरकून आतल्या मज्जारज्जूवर दाबत होती, महिनोन् महिने, न दुखता. डॉक्टर म्हणाल्या, "न दुखणाऱ्यांनाच उशीर होतो. ही माणसं येतात तेव्हा पायही लटपटायला लागलेले असतात. हे लवकर आले. कोणाच्या लक्षात आलं?"

सासूबाई ठकीला घेऊन सोबत आल्या होत्या, त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग नवरा म्हणाला, "गाडीच्या."

ऑपरेशन झालं. जे गेलं ते सगळं परत येईल असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत, पुढे जाणार नाही एवढं म्हणाल्या. सध्या तो लॅबमध्ये टेबलाशी बसून नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो आणि मेहुण्याला सांगतो, नमुना आता नमुन्यांच्या जागी बसला. करंगळी अजून मागे मागे राहते. भांडी तोच घासतो. सासूबाईंनीच सांगितलंय, गरम पाण्यात हात राहू दे त्याचा. पेले मात्र स्टीलचेच आहेत.

गाडी जिन्याखाली उभी आहे, कडक स्प्रिंगांसकट. भाऊ दर वेळी विचारतो, बदलून देऊ का, आणि नवरा नको म्हणतो. सकाळी अंघोळीच्या आधी तो तिच्यावर जाऊन बसतो, इंजिन बंद, आणि लिव्हर दाबतो. अजून पूर्ण आत जात नाही. काल नेहमीपेक्षा थोडा जास्त गेला असं मला वाटलं. मी दारातून बघत होते. त्याला ते माहीत होतं, पण तो सीसीटीव्ही म्हणाला नाही.

तुमच्याही घरात असेल असं कोणी. हातातून वस्तू पडल्या की हसून "तेलकट होती" म्हणणारं, बटणं तुमच्याकडून लावून घेणारं, गाडीला, कुलपाला, नळाला जड झालाय म्हणणारं. दुखत नाही म्हणून काही न सांगणारं. आज घरी आलं की तुमची दोन-दोन बोटं त्याच्या दोन्ही हातांत द्या आणि म्हणा, दाब. ते हसेल, टाळेल, पोरकटपणा म्हणेल. म्हणू द्या. दाबायला लावाच. आणि तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा.